वाचक विचारतात : विमानात बसण्याआधीची परवानगी

मागच्या अंकात पासपोर्टच्या नूतनीकरणाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून बहुतेकांनी पुढचा प्रश्न विचारला आहे : पासपोर्ट तर हाती आला, आता ‘ऑनलाइन परवानगी’ म्हणतात ती काय असते, ती कोणाला लागते आणि काढायची कोणी? कापसाची वेचणी आटोपत आली आणि चुकारे हाती पडू लागले की आपल्या भागातील सहली निघतात, म्हणून हा विषय याच अंकात घेतला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही २२ जण फेब्रुवारीत श्रीलंकेला जाणार आहोत. अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचे दंतधातू विहार पाहावे, ही आमची अनेक वर्षांची इच्छा आहे. बहुतेक जण साठीच्या पुढचे, शेतकरी किंवा निवृत्त कर्मचारी आहेत. गावातील ऑनलाइन सेवा केंद्राचा मुलगा म्हणतो, ‘तुम्ही सगळ्यांचे पासपोर्ट मला देऊन द्या, ईटीए मी काढून देतो.’ हा ईटीए म्हणजे व्हिसाच आहे का? तो किती दिवस आधी काढावा? आणि सर्व काही त्या मुलावर सोपवावे का?
— एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, ईटीए म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन’, अर्थात प्रवासाची इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी. ही पद्धत सर्वप्रथम ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये सुरू केली. तीत पासपोर्टवर शिक्का बसत नाही आणि कागदही चिकटवला जात नाही. तुमचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता त्या देशाच्या संगणकात आधीच नोंदवला जातो, तिथे तो पडताळला जातो आणि हरकत नसेल तर मंजुरी ई-मेलने कळवली जाते. श्रीलंकेने ही व्यवस्था २०१२मध्ये लागू केली आणि भारतीय पासपोर्टधारकांना ती खुली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५०मध्ये बौद्ध परिषदेसाठी त्या बेटावर गेले होते, तेव्हा त्याचे नाव सिलोन होते. त्या काळी अर्ज, शिक्का, स्वाक्षरी हे सारे कागदावरच चालत असे. तुमच्या पिढीने दोन्ही जमाने पाहिले, एवढे खरे.

ती व्हिसा आहे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. पर्यटकासाठी श्रीलंकेची ही परवानगी साधारणपणे ३० दिवसांच्या मुक्कामाची असते आणि त्या मुदतीत दोनदा प्रवेश करता येतो, म्हणजे कामापुरती ती व्हिसासारखीच आहे. मात्र तिचा पहिला उपयोग विमानाच्या काउंटरवर होतो, हे ध्यानात ठेवावे. ज्या प्रवाशाला परदेशात उतरू दिले जात नाही, त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. म्हणून कंपनीचा कर्मचारी प्रत्येक देशाचे प्रवेशाचे नियम असलेल्या ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यात पाहूनच बोर्डिंग पास देतो. त्याला मंजुरी दिसली नाही, तर तो तुम्हाला विमानात चढू देत नाही आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यानंतरचा निर्णय कोलंबोजवळच्या काटुनायके विमानतळावरील अधिकारी घेतो. परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि खर्चाची तजवीज यांविषयी तो विचारू शकतो. परवानगी हातात असली तरी त्याला नकार देण्याचा अधिकार असतो. सहलीच्या गटाबाबत असे क्वचितच घडते, तरी परतीच्या तिकिटाची छापील प्रत प्रत्येकाच्या पिशवीत असावी, ती केवळ गटप्रमुखाच्या मोबाइलमध्ये असू नये.

विमानतळावर उतरल्यावरही हे काम होते, असे कोणी तुम्हाला सांगेल. साठीपुढच्या २२ जणांनी त्या भरवशावर निघू नये.

अर्ज किती दिवस आधी करावा, याचे माझे उत्तर ‘निघण्याच्या दोन ते तीन आठवडे आधी’ असे आहे. मंजुरी बहुधा लवकर येते, पण अर्जात चूक निघाल्यास ती दुरुस्त करायला हाताशी दिवस हवेत. फार आधी घाई करण्यातही धोका आहे. दरम्यान कोणाचा पासपोर्ट बदलला, तर आधीची परवानगी निरुपयोगी ठरते. पासपोर्टची मुदत श्रीलंकेत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि तुमच्या गटातील कोणाची ती तितकी नसेल, तर नागपूरच्या कार्यालयाचे काम आधी, परवानगीचे नंतर.

शुल्काचा आकडा मुद्दाम देत नाही. श्रीलंकेने नोव्हेंबर २०२३पासून काही महिने भारतीयांना शुल्क माफ केले होते. २०२४च्या एप्रिलमध्ये व्हिसाचे काम खासगी कंपन्यांच्या गटाकडे गेले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती व्यवस्था थांबवल्यानंतर जुनीच ईटीए पद्धत परत आली. ज्या देशात वर्षभरात इतके बदल झाले, तिथले शुल्क गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा अर्ज भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहणे बरे. त्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट एलके’ असते. शोधयंत्रात ‘श्रीलंका ईटीए’ टाकल्यावर सर्वांत वर जे दिसते ती अनेकदा जाहिरात असते. तिथले पान सरकारी वाटावे असे सजवलेले असते, पण ते दलालाचे असते आणि मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम तिथे कापली जाते. बेकायदा म्हणावे तर खाली बारीक अक्षरांत ‘आम्ही सरकारी संस्था नाही’ असे लिहिलेलेही असते!

आता सेवा केंद्राच्या मुलाविषयी. त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. गावात इंटरनेट, स्कॅनर आणि प्रिंटर एकाच ठिकाणी त्याच्याकडेच असतात, सात-बारापासून पीक विम्यापर्यंतची आपली कामे तोच करतो, आणि श्रीलंकेच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या वतीने किंवा गटासाठी अर्ज भरण्याची सोयही आहे. अडचण वेगळीच आहे. अर्जात ई-मेलचा रकाना येतो, बसलेल्या माणसाला स्वतःचा ई-मेल ठाऊक नसतो, आणि केंद्रवाला सहजपणे स्वतःचा पत्ता टाकून पुढे जातो. मंजुरी मग त्याच्या पेटीत येऊन पडते.

माझ्या मामेभावाच्या बाबतीत नेमके असेच घडले. तालुक्याच्या एका दुकानात त्याने आणि वहिनींनी अर्ज भरला, दुकानदाराने एक छापील कागद दिला आणि ‘झाले काम’ म्हणून सांगितले. चेन्नईच्या काउंटरवर उमगले की तो कागद अर्ज पोहोचल्याची पावती होती. मंजुरी दुकानदाराच्या ई-मेलवर आलेली होती आणि दुकानदार दुकानाला कुलूप लावून लग्नाला गेलेला होता. नशिबाने त्याने फोन उचलला. लग्नाच्या मांडवातूनच त्याने मोबाइलवर ती मंजुरी पुढे पाठवली आणि काउंटर बंद व्हायला वीस मिनिटे असताना दोघांना बोर्डिंग पास मिळाला. वहिनी अजून म्हणतात, ‘त्या पोराच्या लग्नात रेंज होती म्हणून आपण लंका पाहिली.’

म्हणून गुरुजी, पासपोर्टचा गठ्ठा केंद्रावर सोडून येऊ नका. चार-चार जणांनी जावे, शेजारी बसावे आणि ‘सबमिट’ करण्यापूर्वी पडद्यावरची प्रत्येक ओळ पासपोर्टशी ताडून पाहावी. गटातील एखाद्या नातवाचा किंवा भाचीचा ई-मेल सर्वांसाठी द्यावा, मात्र तो रोज उघडून पाहणारा असावा. मंजुरीच्या कागदावर मंजूर झाल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. केवळ संदर्भ क्रमांक असलेला कागद मंजुरी नव्हे. परवानगी गटाला मिळत नाही, प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे २२ कागद मोजूनच घरी यावे.

शुल्क भरावे लागले तर आणखी एक खोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवे कार्ड आधी फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठीच चालू असते. परदेशी व्यवहाराची मुभा खातेदाराने स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करायची असते. अनेक सहकारी बँकांच्या कार्डांना ती सोयच नसते. पैसे अडकले म्हणजे संकेतस्थळ बंद आहे, असे समजून लोक तोच अर्ज तीन-तीनदा भरतात आणि गोंधळ वाढवतात.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर आडनाव ‘ठाकरे’ हे इंग्रजीत ज्या स्पेलिंगने आहे, त्याहून आधार कार्डावरचे वेगळे आहे. तिकीट मुलाने आधार पाहून काढले. परवानगीचा अर्ज कोणते नाव घालून भरावा? शिवाय माझी जन्मतारीख शाळेत गुरुजींनी लावलेली १ जुलै आहे, खरी तारीख वेगळी आहे.
— एक वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षरशः. ही परवानगी त्या पासपोर्टच्या क्रमांकाला आणि त्यावरील नावाला बांधलेली असते, आणि काउंटरवरचे यंत्र तुमचे आधार कार्ड पाहत नाही. ‘ठाकरे’ हे आडनाव आपल्याकडे ‘टी-एच-ए-के-आर-ई’ असेही लिहितात आणि मधे एक ‘ए’ घालून ‘टी-एच-ए-के-ए-आर-ई’ असेही लिहितात. वानखडे-वानखेडे यांचेही तेच. मराठी वाचताना कोणाला फरक जाणवत नाही, यंत्राला मात्र ही दोन वेगळी माणसे दिसतात. तेव्हा तिकिटावरील नाव आधी पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. एखाद्या अक्षराची दुरुस्ती अनेक कंपन्या करून देतात, निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र ती करणे अवघड होते.

खात्री करण्याची उत्तम जागा म्हणजे पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर अगदी तळाशी असलेल्या दोन ओळी. प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात आणि यंत्र त्याच वाचते. आधी आडनाव, त्यानंतर दोन कोनी खुणा, मग पहिले नाव आणि पतीचे वा वडिलांचे नाव, अशी मांडणी तिथे दिसेल. अर्जातील ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ हे दोन रकाने याच क्रमाने भरावेत. महाराष्ट्रात मधले नाव लावण्याची रीत असल्यामुळे ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा दोन शब्द असतात, दुसरा शब्द गाळू नये. बहुतेक भारतीय पासपोर्टांचा क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि त्यानंतर सात अंक. अशा क्रमांकात पहिल्या जागेनंतर गोल आकार दिसला तर तो शून्यच असतो, ‘ओ’ नसतो. एवढे ठाऊक असले तरी निम्म्या चुका टळतात.

जन्मतारखेबाबत मनात संकोच ठेवू नका. आपल्याकडे एका पिढीतील निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जुलैला येतो, हे सरकारलाही ठाऊक असावे! पासपोर्टवर जी तारीख आहे, ती अर्जात भरावी. काही अर्जांत दिवस आधी, तर काहींत महिना आधी मागतात. तुमच्या बाबतीत १ जुलै चुकून ७ जानेवारी होऊ शकतो, तेवढे सांभाळावे.

याच पत्रासारखे एक पत्र अचलपूरहून आले आहे. एका काकूंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असून सर्व नाव ‘गिव्हन नेम’मध्ये एकाच शब्दात आहे. काकू, प्रत्येक देश अशा पासपोर्टकडे वेगळ्या नजरेने पाहतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२मध्ये, पर्यटनासाठी किंवा भेटीसाठी येणाऱ्या आणि पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशांना प्रवेश न देण्याचा नियम विमान कंपन्यांमार्फत कळवला. नंतर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असल्यास चालेल, अशी सवलत दिली. परवानगीच्या अर्जात असे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, हे त्या-त्या अर्जाच्या सूचनेत लिहिलेले असते. पण तुमचे वय पाहता आणि पुढे मुलाकडे वारंवार जाणे होणार असेल, तर एकदा पासपोर्ट नव्याने काढून आडनाव त्यात घालून घ्यावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला नोकरीला आहे. आमच्या व्याह्यांची पुतणी अमेरिकेहून लंडनला गेली, तिला मोबाइलवर एका दिवसात १६ पौंडांत परवानगी मिळाली. मुलगा मात्र आम्हाला व्हिसाच काढा म्हणतो, त्याचा खर्च आणि कटकट फार आहे. आम्ही ती मोबाइलवरची परवानगी का काढू नये?
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : कारण ती परवानगी तुमच्यासाठी नाहीच, आणि मुलगा बरोबर सांगतो आहे. ज्या देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यांच्याचसाठी ब्रिटनने ईटीए ठेवली आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये कतारच्या नागरिकांपासून तिची सुरुवात झाली, जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेसह इतर देश आणि एप्रिल २०२५मध्ये युरोपातील देश तिच्याखाली आले. शुल्क आधी १० पौंड होते, ते एप्रिल २०२५मध्ये १६ पौंड झाले. तुमच्या व्याह्यांची पुतणी अमेरिकेत राहते एवढेच तुम्ही लिहिले आहे. तिच्याकडे पासपोर्टही अमेरिकेचाच असणार, नाहीतर तिला ती मिळाली नसती. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस न्यूयॉर्कहून निघो की मोर्शीहून, त्याला ब्रिटनचा व्हिसाच लागतो.

या विषयात सर्वाधिक गल्लत इथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अमेरिकेची ‘एस्टा’ ही अशीच ऑनलाइन परवानगी २००९पासून सक्तीची आहे, पण ती व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि भारत त्या यादीत नाही. कॅनडाची ‘ईटीए’ २०१६मध्ये आली, ऑस्ट्रेलियाची सर्वांत जुनी, न्यूझीलंडची २०१९ची आणि दक्षिण कोरियाची २०२१ची. यांपैकी एकही भारतीय पासपोर्टवर साध्या पर्यटनासाठी मिळत नाही, तिथे व्हिसाच काढावा लागतो. युरोपीय देशांची ‘एटिआस’ ही अशीच परवानगी येऊ घातली आहे. तीही शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) लागणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी नाही. इंटरनेटवर मात्र या नावांच्या जाहिराती भारतातही दिसतात आणि पैसे भरून घेताना कोणी ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेची एस्टा ‘काढून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठावे.

ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसासाठी अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः जावे लागते. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णय सामान्यतः तीन आठवड्यांत होतो. सुनेच्या बाळंतपणासाठी जात असाल, तर तारखेवरून मागे मोजत या आणि संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी त्याच काळात येते का, तेही पाहून ठेवा. त्या गडबडीत केंद्राची तारीख हुकलेली माणसे मी पाहिली आहेत.

प्रश्न : थायलंड आणि मलेशिया यांनी भारतीयांचा व्हिसा काढून टाकला, असे ऐकले. मग आता काहीच भरावे लागत नाही ना? माझ्या साडूने थायलंडचा फॉर्म भरला, तर त्याच्या कार्डातून साडेतीन हजार रुपये गेले.
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : साडूंचे पैसे दलालाच्या संकेतस्थळावर गेले. थायलंडने १ मे २०२५पासून ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ सक्तीचे केले. विमानात पूर्वी जो कागदी फॉर्म भरून देत असत, त्याची जागा त्याने घेतली आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि पूर्णपणे मोफत असते. मलेशियाचेही तसेच कार्ड आहे, तेही तीन दिवस आधी आणि मोफत. ही कार्डे म्हणजे परवानगी नव्हे, आगमनाची नोंद होय. तरी ती न भरता गेल्यास विमानतळावर बाजूला उभे राहून मोबाइलवर भरत बसावे लागते. सिंगापूरला व्हिसाही लागतो आणि असे मोफत कार्डही भरावे लागते, म्हणजे तिथे दोन्ही.

व्हिसामाफीचे म्हणाल, तर मलेशियाने ती डिसेंबर २०२३पासून ३० दिवसांच्या मुक्कामासाठी दिली आणि पुढे ३१ डिसेंबर २०२६पर्यंत वाढवली. थायलंडने जुलै २०२४मध्ये ६० दिवसांपर्यंतची सूट दिली. या सवलती पर्यटन वाढवण्यासाठी दिलेल्या असतात आणि तिथले सरकार त्या केव्हाही आटोपती घेऊ शकते, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाचे पान पुन्हा एकदा पाहावे. थायलंडच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओ डॉट टीएच’ असते. साडूंना तेवढे दाखवून द्या.

प्रश्न : कृषी अभ्यास दौऱ्यासाठी आमच्या गटाला व्हिएतनामला जायचे आहे. त्यांचा ई-व्हिसा आणि ही परवानगी एकच का?
— एक संत्रा उत्पादक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, काढण्याची रीत सारखी आहे, पण व्हिएतनामचा तो पूर्ण व्हिसाच आहे. ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर शुल्क आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. अर्जात कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या विमानतळावरून प्रवेश करणार हे लिहावे लागते. लिहिलेल्या तारखेच्या आदल्या रात्री विमान उतरले, तरी आत सोडत नाहीत. रात्रीच्या विमानांत हा घोळ नेहमी होतो, कारण आपण निघतो ती तारीख एक आणि पोहोचतो ती दुसरी असते. छायाचित्र आणि पासपोर्टच्या पानाचा फोटो दोन्ही चढवावे लागतात. पानाचा फोटो घेताना तळाच्या त्या दोन ओळींवर बोट किंवा झळाळी येऊ देऊ नये. दौरा आयोजित करणारी संस्था व्हिसा काढून देणार असली, तरी मंजुरीची प्रत प्रत्येकाने मागून घ्यावी आणि तिच्यावरचा पासपोर्ट क्रमांक आधी वाचावा.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत जन्मला, त्याचा पासपोर्ट तिकडचा आहे. दिवाळीला तो आई-वडिलांबरोबर गावी येणार आहे. मुलगा-सुनेचे पासपोर्ट भारतीय आहेत. आपल्याच घरी यायला नातवाला परवानगी लागेल का?
— एक आजी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : लागेल, आजी. चार वर्षांचा असला तरी भारताच्या लेखी तो परदेशी नागरिक आहे. भारताने अशी इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी नोव्हेंबर २०१४मध्ये सुरू केली, पुढे तिचेच नाव ई-व्हिसा झाले. मुलाने तिकडून भारत सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. ३० दिवसांच्या व्हिसासाठी येण्याच्या किमान चार दिवस आधी तो करावा लागतो, पण दिवाळीची गर्दी पाहता त्याने आणखी आधी करावा. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. मुंबई, हैदराबाद आणि आपले नागपूरही त्या यादीत आहे.

नातू दरवर्षी येणार असेल, तर आई-वडील भारतीय असल्यामुळे त्याला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) मिळू शकते आणि दर वेळचा व्हिसा टळतो. त्याला वेळ लागतो, म्हणून या दिवाळीला ई-व्हिसा आणि पुढच्यासाठी ओसीआय, असे करावे. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते : व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला मुक्कामी ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत, पूर्वी ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आणि तो नियम केवळ हॉटेलांपुरता नाही. नातवासाठी फॉर्म भरायचा म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. तरीही मुलाला आठवण करून द्या. तो ते पाच मिनिटांत मोबाइलवर करील.

प्रश्न : लुंबिनीला जाण्यासाठी ईटीए लागतो का? आमच्या गावातून दोन जीप निघणार आहेत.
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : नाही. नेपाळसाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही आणि अशी कोणतीही ऑनलाइन परवानगीही लागत नाही. सोनौलीच्या सीमेवरून रस्त्याने जाणाऱ्या प्रौढांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रतीत सोबत ठेवावा. झेरॉक्स चालणार नाही. जीपला मात्र सीमेवर परवाना आणि कर भरावा लागतो. वाहनाचे नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना हेही मूळच न्यावेत, आणि वाहन दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे संमतीपत्र घ्यावे.